स्पॅनिशची शिकवणी, ‘दुरुस्त’ केलेला निबंध आणि त्यानंतरची धमकी

महाविद्यालयात परकीय भाषा म्हणून स्पॅनिश घेतलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात सहसा अडत नाही, कारण लिहिले जाते तसेच बहुतांशी वाचले जाते आणि वर्तमानकाळाची रूपे पाठ केली की गुण मिळतात. खरी अडचण सुरू होते ती भूतकाळापासून. ‘प्रेतेरितो’ (घडून संपलेल्या घटनेचा भूतकाळ) कुठे आणि ‘इम्परफेक्तो’ (चालू स्थितीचा किंवा सवयीचा भूतकाळ) कुठे, हे केवळ नियम पाठ करून कळत नाही, आणि ते उमगेपर्यंत ‘सुबखुन्तीव्हो’ (इच्छा, शंका, शक्यता सांगणारी क्रियापदाची रूपे) समोर येऊन उभे राहते. विद्यार्थी शिकवणी शोधू लागतात ते याच टप्प्यावर, सत्र अर्धे उलटलेले आणि गुण घसरलेले असताना, आणि त्यांना हेरणाऱ्यांनाही हा टप्पा नेमका ठाऊक असतो. माझी फसवणूक अशाच वेळी झाली. ज्या सेवेने ती केली तिचे नाव मी येथे देत नाही. नाव त्यांना बदलता येते, पद्धत मात्र तीच राहते, म्हणून पद्धतच तपशिलाने सांगते.

शिकवण्या मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर मला ही मंडळी सापडली. त्यांनी दिलेला चाचणी तास उत्तम होता, हे मला आजही मान्य करावे लागते. शिकवणाऱ्या बाईंनी एक छोटा उतारा घेऊन पार्श्वभूमी सांगणारी क्रियापदे एका रंगात आणि कथा पुढे नेणारी क्रियापदे दुसऱ्या रंगात दाखवली, आणि वर्गात धूसर राहिलेला फरक थोड्या वेळात स्पष्ट केला. त्या तासानंतर लगेच निरोप आला की याच बाईंकडे थोड्याच जागा उरल्या आहेत, संपूर्ण सत्राचे शुल्क एकरकमी भरल्यास मोठी सवलत मिळेल, आणि संकेतस्थळाचे कमिशन वाचावे म्हणून रक्कम थेट पाठवावी. रक्कम पाठवताना ‘ओळखीच्या व्यक्तीला पैसे’ हा पर्याय निवडावा, असेही सुचवले होते. या सूचनेतली मेख अशी की शिकवण्यांची अनेक संकेतस्थळे तास झाल्याची खातरजमा होईपर्यंत रक्कम स्वतःकडे ठेवतात आणि वाद झाल्यास मध्यस्थी करतात. व्यवहार त्यांच्याबाहेर गेला की तो आधार सुटतो. ओळखीच्या व्यक्तीला पाठवलेल्या पैशांना खरेदीचे संरक्षणही सहसा लागू होत नाही. वाचलेल्या कमिशनच्या बदल्यात विद्यार्थी तक्रारीचा मार्गच गमावून बसतो.

शुल्क पोहोचले आणि त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. त्या आजारी आहेत, मग प्रवासात आहेत, मग दुसऱ्या विभागात गेल्या आहेत, अशी कारणे येत राहिली आणि दर वेळी नवा माणूस समोर येऊ लागला. त्यांच्यापैकी एकाने दिलेल्या टिपणांत स्पॅनिश वर्णमालेत ‘चे’ (ch) आणि ‘एये’ (ll) या अक्षरजोड्या स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजलेल्या होत्या. शब्दकोशांत या जोड्यांची वेगळी वर्गवारी करू नये, असे स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी 1994 मध्येच ठरवले होते आणि 2010 च्या लेखननियमांत त्या वर्णमालेतूनही वगळून अक्षरांची संख्या 27 केली. एवढ्यावरून कोणालाही लबाड ठरवता येत नाही, कारण जुन्या पुस्तकांवर शिकलेले चांगले शिक्षकही तसे सांगतात. परंतु ही टिपणे ‘खास तुमच्या अभ्यासक्रमासाठी’ तयार केल्याचा दावा होता, आणि माझ्या पाठ्यपुस्तकाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

पात्रतेच्या दाव्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. जाहिरातीत सर्व शिक्षक ‘डेले प्रमाणित’ असल्याचे म्हटले होते आणि सोबत एका प्रमाणपत्राचे छायाचित्र होते, ज्यातील नाव आणि पातळी दोन्ही शिक्क्याखाली झाकलेली होती. डेले ही स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितूतो सेर्व्हान्तेस ही स्पॅनिशच्या प्रसारासाठीची संस्था देत असलेली पदविका आहे; सर्वांत खालच्या ए1 पासून सर्वांत वरच्या सी2 पर्यंत तिच्या सहा पातळ्या आहेत आणि ती धारकाचे भाषेवरील प्रभुत्व सांगते, शिकवण्याची पात्रता नव्हे. ए2 उत्तीर्ण झालेला माणूसही ‘डेले प्रमाणित’ म्हणवून घेऊ शकतो, आणि तसे पाहिले तर तो खोटेही बोलत नसतो. म्हणून पातळी कोणती, हे विचारावे, आणि त्याहीपेक्षा शिकवण्याचे प्रशिक्षण कुठे घेतले, हे विचारावे. मी विचारले तेव्हा ‘आमच्या सर्व शिक्षकांना दीर्घ अनुभव आहे’ एवढेच उत्तर आले.

इथपर्यंतचा प्रकार शिकवणीच्या व्यवसायात नवा नाही: चांगला माणूस दाखवायचा आणि सुमार माणूस पाठवायचा. पुढचा भाग अधिक गंभीर आहे.

तास घेण्यात टाळाटाळ सुरू झाली तशी त्याऐवजी ‘लेखन तपासून देण्याची’ सोय पुढे करण्यात आली. सुरुवातीला ते माझे परिच्छेद तपासून चुका दाखवत, आणि त्यात गैर काही नव्हते. त्यानंतर ऑनलाइन स्वाध्यायाचा वापरकर्ता आयडी आणि पासवर्ड मागण्यात आला, ‘म्हणजे तुमच्या चुका आम्हाला थेट पाहता येतील’. तो मी दिला नाही. मग मी तपासणीसाठी पाठवलेला सत्रनिबंध परत आला तो संपूर्ण नव्याने लिहिलेला होता. माझे एकही वाक्य त्यात शिल्लक नव्हते. आमच्या वर्गात अनेकवचनी संबोधनासाठी लॅटिन अमेरिकेप्रमाणे ‘उस्तेदेस’ शिकवले जात होते, आणि या निबंधात सर्वत्र स्पेनमधील ‘बोसोत्रोस’ची रूपे होती. जे ‘सुबखुन्तीव्हो’ वर्गात जेमतेम सुरू झाले होते, त्याचे भूतकाळातील रूप यात ओळीओळीला पेरलेले होते. वाचणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला हा निबंध या विद्यार्थ्याचा नाही हे पहिल्या पानावर कळावे, असाच तो होता. मी तो सादर केला नाही. माझाच मूळ मसुदा सुधारून दिला आणि त्यांना कळवले की मला शिकवणी हवी आहे, लेखनिक नको, आणि न झालेल्या तासांचे शुल्क परत करावे.

त्यावर आलेल्या उत्तराचा सूर एकदम पालटलेला होता. परताव्याची मागणी मागे घेतली नाही, तर आमच्यातील संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि तो निबंध माझ्या महाविद्यालयाला पाठवण्यात येईल, असे त्यात लिहिले होते. शिवाय ‘गोपनीयता शुल्क’ म्हणून आणखी रक्कम मागितली होती. तेव्हा त्या न मागितलेल्या निबंधाचे प्रयोजन लक्षात आले. मदत म्हणून पाठवलेली ती वस्तू पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायची होती. पासवर्ड दिला असता, तर स्वाध्यायही त्यांनीच सोडवले असते आणि त्यांच्या हातातील दोरी अधिक घट्ट झाली असती.

हा माझ्यापुरता विचित्र अनुभव असेल, असे मला आधी वाटले होते, पण तसे नाही. पैसे घेऊन विद्यार्थ्यांचे लेखन करून देणाऱ्या सेवा नंतर त्याच विद्यार्थ्यांना धमकावतात, हे शिक्षणक्षेत्रात चांगले परिचित आहे. ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये आणि इंग्लंडने 2022 मध्ये अशी सेवा पुरवणे किंवा तिची जाहिरात करणे कायद्याने गुन्हा ठरवले. या मंडळींचा भरवसा विद्यार्थ्याच्या भीतीवर असतो: महाविद्यालयाला कळेल या धास्तीने तो गप्प बसेल आणि मागेल तेवढे देत राहील.

मी उत्तर पाठवण्याआधी प्राध्यापकांना भेटले. माझ्याजवळ निबंधाचे सुरुवातीपासूनचे सगळे मसुदे होते, कारण मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते त्यात प्रत्येक बदलाची तारीख आणि वेळ नोंदली जाते. पासवर्डला दिलेला नकार आणि परताव्याची मागणी हे दोन निरोपही होते. प्राध्यापकांनी सगळे वाचले, सादर केलेल्या निबंधातल्या माझ्या नेहमीच्या चुका पाहून (लिंग आणि वचन जुळवताना मी हमखास घसरते) तो माझाच असल्याबद्दल त्यांना शंका उरली नाही, आणि त्यांनी विभागाला लेखी कळवून ठेवले. माझ्याआधीही एक विद्यार्थी अशीच तक्रार घेऊन आला होता, पण तो बरेच पैसे देऊन झाल्यावर आला होता, असे त्यांच्याकडून कळले. आमच्या भाषा विभागाचे स्वतःचे साहाय्य केंद्र आहे आणि तेथे वरच्या वर्गांतले विद्यार्थी विनाशुल्क शिकवतात, हेही मला त्याच भेटीत समजले. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात ते शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत छापलेले आहे, याबद्दल माझी विभागाकडे तक्रारच आहे.

धमकीला मी एका ओळीत उत्तर दिले की महाविद्यालयाला सर्व माहिती आधीच देण्यात आली आहे. त्यानंतर ‘गोपनीयता शुल्का’चा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पैशांचे मात्र तसे झाले नाही. बँकेकडे केलेल्या तक्रारीत कार्डाने भरलेला नोंदणी शुल्काचा छोटा भाग परत मिळाला. थेट पाठवलेली मोठी रक्कम, ती मी स्वतः मंजूर केली होती या कारणाने, मिळाली नाही. संकेतस्थळाने त्यांचे खाते बंद केले, पण व्यवहार आपल्यामार्फत झालेला नाही असे सांगून परताव्याबाबत हात वर केले.

ही सेवा आता दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाली आहे. जाहिरातीतील वाक्ये तीच आहेत, शिक्क्याखाली झाकलेले प्रमाणपत्रही तेच आहे, आणि चाचणी तासाच्या नमुन्यात दोन रंगांत रंगवलेला तोच उतारा आहे.