दोन रुपयांची पीडीएफ

एका वर्ड फाइलची पीडीएफ करायला मला चार हजार रुपये पडले. आधी २ रुपये, मग दोनदा १,९९९.

सातपूरच्या एमआयडीसीत क्वालिटी खात्यात बावीस वर्षं काढली. कारखान्याचं काही खरं नाही असं दिसायला लागलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, नोकरीसाठी लिंक्डइनवर प्रोफाइल काढा, तुमच्या कामाचे रिपोर्ट तिथे टाका." बायोडेटा आणि दोन कायझेनचे (कामात केलेल्या छोट्या छोट्या सुधारणांचे) रिपोर्ट वर्डमध्ये तयारच होते. पीडीएफ केली की तक्ते हलत नाहीत, एवढं माहीत होतं. रात्री साडेदहाला गुगलवर शोधलं आणि सगळ्यात वरचीच साइट उघडली. तिच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं, ते मला नंतर दिसलं.

फाइल अपलोड झाली. पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर गेली आणि मग पाटी आली: फाइल तयार आहे, डाउनलोडसाठी फक्त २ रुपये. मेख इथेच आहे. आधी पैशांचं नावही नाही. काम झाल्यावर मागायचे, तेही इतके कमी की विचार करायचीच लाज वाटावी. क्यूआर स्कॅन केला, यूपीआय पिन टाकला. ऑटोपे (म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी), दरमहा, कमाल रक्कम १,९९९, सगळं स्क्रीनवर लिहिलेलं होतं. मी फक्त २ चा आकडा पाहिला. जन्मभर मायक्रॉनमधला टॉलरन्स तपासणारा मी!

आठवड्याभरात पहिले १,९९९ गेले. ऑटोपेचे पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी मेसेज येतो. मलाही आला होता, कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत वाचलाच नाही. त्या साइटवरचं खातं बंद केलं आणि सुटलो म्हणालो. पुढच्या महिन्यात परत तेवढेच गेले. साइटवरचं खातं बंद करून मॅन्डेट, म्हणजे आपण दिलेली ऑटोपेची परवानगी, रद्द होत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथे जाऊन पिन टाकून ते रद्द करावं लागतं. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "काका, पिन तुम्हीच टाकला ना?" यावर काय बोलणार.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ 'डार्क पॅटर्न' (साइट-ॲपवरच्या ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्या) ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे वर्गणीचा सापळा, नावानिशी आहे. पैसे मात्र अजून आलेले नाहीत.

पैशांपेक्षा जास्त टोचतं ते वेगळंच. बायोडेटात पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, आणि शेवटच्या पानावर पॅन कार्डाचा फोटो चिकटवलेला. ते सगळं आता कुणाच्या सर्व्हरवर पडलंय, देव जाणे. (लिंक्डइनवर टाकलेली पीडीएफही लोकांना उतरवून घेता येते. पॅन तिथेही नकोच होतं.)

मुलीला सांगितलं, तर ती काहीच बोलली नाही. लॅपटॉप पुढे ओढला, वर्डमध्ये 'फाइल', 'सेव्ह ॲज', आणि यादीतून 'पीडीएफ'. झालं. गुगल डॉक्समध्ये 'फाइल', 'डाउनलोड', 'पीडीएफ'. अँड्रॉइड मोबाइलवर 'प्रिंट' दाबायचं आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं. एक पैसा नाही.

लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली, "आणि बाबा, लिंक्डइनला वर्डची फाइलसुद्धा चालते."