मुलीसाठी घेतलेली लोखंडी कढई

वयात येणाऱ्या मुलीच्या घरात लोखंडी कढई असावी, यावर मी ठाम आहे. पण 'हिमोग्लोबिन वाढवणारी कढई' म्हणून ती खपवतात, ते मला पटत नाही.

आमची महाद्वार रोडच्या एका भांड्यांच्या दुकानातली. पातळ पत्र्याच्याही होत्या. त्यात पिठलं बुडाला लागणार हे हातात घेतल्यावरच कळतं. म्हणून जाड बुडाची, दोन कानांची निवडली. जड आहे, भरलेली एका हातानं उचलत नाही. आधी राखेनं घासून, गोडेतेल लावून चांगली तापवायची. घासली की लगेच पुसून तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरते.

पोकळा, मेथी, अंबाडी यांना खरी चव हिच्यातच येते. आंबट पदार्थात लोह जास्त उतरतं, म्हणून टोमॅटोची भाजीही मी हिच्यातच करते. झाली की ताबडतोब स्टीलच्या भांड्यात काढते. तशीच ठेवली तर काळी पडते, लोखंडाची चव लागते, आणि नववीतली पोरगी तसली भाजी डब्यात नेत नाही.

मुलीचं हिमोग्लोबिन १०.४ निघालं होतं. या वयात १२ तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध दिलं, पुढच्या तपासणीत आकडा वाढला. श्रेय गोळ्यांचं. कढईतून किती लोह उतरेल ते भाजीवर आणि शिजायच्या वेळेवर ठरतं. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत मात्र ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मोजून असतं. मळमळतं म्हणून पोरी ती दप्तरात टाकून देतात. आयांनो, रागावू नका, पण विचारा. जेवल्यावर घेतली तर त्रास कमी होतो. शी काळी झाली तरी घाबरायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. म्हणजे ही आपल्याच घरातली गोष्ट आहे.

कढईएवढंच काम लिंबाची फोड करते: भाजीवर पिळली की लोह अंगी लागतं. जेवणाला लागून घेतलेला चहा ते अडवतो, म्हणून आमच्याकडे चहा आता तासाभरानं.

घरात कुणाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार, यात अंगात लोह जास्त साठू शकतं) असेल तर डॉक्टरांना विचारूनच कढई घ्या. इंडक्शन शेगडी असेल तर सपाट बुडाची मागा, गोल बुडाची तिच्यावर नीट बसत नाही.