घरपट्टीची खिडकी: भरायला चार मिनिटं, दुरुस्तीला सात महिने

आमच्या नगरपरिषदेच्या कर विभागाला 5 पैकी 3 तारे. पैसे भरायला गेलात तर 5, बिलात चूक निघाली तर 1, म्हणून मधला आकडा दिला. गावाचं नाव लिहीत नाही. गावातल्यांना कळायचं ते कळेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. खिडकीवर बसतात त्या दादांच्या घरचं दळण माझ्याकडे येतं. माझी पिठाची गिरणी आहे, घराच्या पुढच्या खोलीत, वीस वर्षं झाली. त्यामुळे दादांबद्दल चांगलं लिहिलं तर थोडं कमी करून वाचा. पण माणूस कामाचा आहे हे खरंच.

या वर्षीची घरपट्टी मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरली. सकाळी साडेदहाला गेले. (एक ते अडीच जाऊच नका. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते, पण माणसं आपापल्या सोयीने परततात.) मालमत्ता क्रमांक सांगितला, बिल स्क्रीनवर आलं, काचेला चिकटवलेला क्यूआर स्कॅन केला, पावती हातात. चार मिनिटं. माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांनी रुमालाच्या गाठीतून दहा-दहाच्या नोटा काढल्या. दादांनी त्या न कुरकुरता दोनदा मोजल्या आणि वर विचारलं, "पाणीपट्टी पण आत्ताच भरताय का बाबा?" मार्चअखेरीला सुट्टीच्या दिवशीही खिडकी उघडी ठेवतात. पंखा आहे, पिण्याचं पाणी आहे, पेन सुतळीने बांधलेलं आहे आणि ते चक्क चालतं.

ऑनलाइनच्या भानगडीत मात्र पडू नका. ओटीपी जातो तो माझ्या सासऱ्यांच्या मोबाइलवर, आणि सासरे जाऊन सहा वर्षं झाली.

आता चुकीची गोष्ट.

2024 च्या उन्हाळ्यात गावभर मालमत्तांचा सर्व्हे झाला. काम एका खाजगी कंपनीला दिलेलं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, अशी दोन मुलं आमच्याकडे आली ती नेमकी एप्रिलच्या शेवटी, दुपारी बारा वाजता. एप्रिल-मे म्हणजे तिखट-मसाल्याचा हंगाम. कांडप चालू, ब्याडगी आणि लवंगी दोन्ही पडलेल्या, खोलीत लाल धुकं. पोरं दारातच शिंकायला लागली. एकाच्या डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, थांबा, मशीन बंद करते, आत या, घर बघा. तर म्हणाली, "नको काकू, झालं आमचं," आणि रस्त्यावरूनच मोजून गेली. मला हसू आलं होतं तेव्हा.

नोव्हेंबरात नोटीस आली, नगरपरिषद कायद्याच्या कलम 119 ची. आदल्या वर्षी घरपट्टी 2,860 रुपये होती, नवी आकारणी 9,412. आधी वाटलं छपाईची चूक. मग ओळ ओळ वाचली. वापर या रकान्यात "बिगरनिवासी", क्षेत्रफळ 62 चौरस मीटर. म्हणजे सगळं घरच गिरणी! स्वयंपाकघर, मागची खोली, मोरी, देवघर, सगळं.

घरपट्टी काढतात कशी ते तेव्हा नीट समजून घेतलं, तुमच्याही उपयोगी पडेल. जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल ते धरतात, त्यातून दुरुस्तीसाठी म्हणून 10 टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरलेल्या टक्क्याने कर. धंद्याच्या जागेचं भाडं जास्त धरतात, म्हणून "वापर" या एका शब्दावर सगळं बिल फिरतं. शिवाय त्याच कागदावर वृक्ष कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर अशा ओळी असतात. शेवटचे दोन राज्य सरकारचे, नगरपरिषद फक्त गोळा करून पुढे पाठवते. रोजगार हमी कर लागतो तो बिगरनिवासी जागेला.

त्या रोजगार हमीच्या ओळीवर माझा राग नाही. माझ्या आईने 1972 च्या दुष्काळात खडी फोडलीय, कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढलेत. पुढे त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिच्यासाठी शहरातल्या धंदेवाल्यांनी चार पैसे द्यावेत यात गैर काही नाही. गिरणीच्या खोलीवर लावा, मी आनंदाने भरते. पण आई ज्या खाटेवर झोपते त्या जागेवर कसा लावता?

हरकतीची मुदत असते, ती चुकवू नका. मी आठव्या दिवशी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच मागितल्यावर आवक-जावकच्या मॅडमनी असं बघितलं की मी त्यांच्याकडे उधारीच मागतेय. सोबत दोन लाइट बिलं जोडली. घरचा मीटर वेगळा, गिरणीचा थ्री फेज वेगळा. माझ्या मते एवढा एक पुरावा पुरे होता.

सुनावणी जानेवारीत. सभागृहात दीडेकशे माणसं, प्रत्येकाच्या हातात तोच गुलाबी कागद. कुणाचा लोखंडी जिना मजला म्हणून धरलेला, कुणाच्या म्हशीच्या पत्र्याच्या छपराला दुकान केलेलं. माझा नंबर आला, साहेबांनी लाइट बिलं बघितली, "स्थळ पाहणी करू," म्हणाले. दोन मिनिटं. रागावले नाहीत, नीट बोलले, ते कबूल करते.

स्थळ पाहणी झाली मे महिन्यात. मधल्या काळात पाच फेऱ्या. प्रत्येक वेळी गिरणी बंद ठेवायची, लोकांचे डबे ओट्यावर तसेच, एकीच्या भाजणीला दोन दिवस उशीर झाला तर ती अजून बोलून दाखवते. आणि दर फेरीला एकच उत्तर: फाइल वर आहे. वर म्हणजे कुठे, तर पहिल्या मजल्यावर. जिना चढून गेले तर म्हणाले, खाली पाठवलीय. नव्या बिलापैकी आदल्या वर्षीइतके 2,860 मी भरून टाकले होते, पण राहिलेल्या 6,552 वर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चालू झाली, म्हणजे दरमहा 131 रुपये. चूक त्यांची आणि मीटर माझा पळतोय. अपिलात जाऊ का विचारलं, तर सांगितलं की आधी बिलाची रक्कम भरावी लागेल, मग अपील.

शेवटी एक लिपिक टेप घेऊन आले. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं मी धरलं. गिरणीची खोली 10 बाय 12 फूट. नंतर आत आले, शेगडी बघितली, देव्हारा बघितला, खाटेवर आई बसली होती तिला नमस्कार केला आणि कागदावर लिहिलं: निवासी. अर्धा मिनिट लागला असेल. जूनमध्ये दुरुस्त आकारणी मिळाली, 4,130 रुपये. शास्ती काढून टाकली. आधीपेक्षा 1,270 जास्त आहेत, पण दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची असते आणि आमच्याकडे ती बरीच वर्षं लांबली होती. ती वाढ मला मान्य आहे.

मान्य नाही ते हे की या सात महिन्यांत दाद मागायला गावात एक माणूस नव्हता. आमच्याकडची मागची निवडणूक 2016 ची. पाच वर्षांची मुदत संपली आणि प्रशासक बसला तो बसलाच. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं संविधानात लिहिलंय, 1992 च्या 74 व्या दुरुस्तीपासून. पण ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, तारखांवर तारखा. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं तेव्हा कुठे हलले, आणि 2 डिसेंबरला मतदान झालं. 246 नगरपरिषदा, 42 नगरपंचायती, त्यातल्या काही ठिकाणी 20 तारखेला. त्यातही मोजणी 21 तारखेपर्यंत लांबवली. आमच्या दुरुस्तीची फाइल आणि यांची मतपेटी, दोन्हींचा वेग सारखाच म्हणायचा.

या चार वर्षांत सरकारं बदलली, पक्ष फुटले, पण नगरसेवक नसण्याची अडचण मुंबईत कुणालाच वाटली नाही. जे विरोधात होते त्यांनाही सत्तेत आल्यावर वाटली नाही. नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडायचा की नगरसेवकांनी, यावर मात्र 2016 ला एक कायदा, 2020 ला दुसरा, 2022 ला पुन्हा पहिला. त्याला बरा वेळ मिळाला. पूर्वीचा आमचा नगरसेवक काही संत नव्हता, पण सकाळी सातला त्याचं दार ठोठावलं तर बनियनवर बाहेर यायचा आणि फोन लावायचा. प्रशासकाचं घर कुठल्या गल्लीत आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

निवडणुकीत सगळे गिरणीवर येऊन गेले. दळणाला रांग असते, आयती सभा. तिघांनी सांगितलं घरपट्टी निम्मी करू, एकाने सांगितलं 500 फुटांपर्यंत माफच करू, मुंबईसारखी. मुंबईत 2022 पासून तशी माफी आहे, पण मुंबईची तिजोरी कुठे आणि आमची कुठे! मी प्रत्येकाला विचारलं, मग घंटागाडीचं डिझेल कशातून घालणार? "शासनाकडून निधी आणू." हेच उत्तर, चारही वेळा.

निधी आणण्याची गोष्ट आमच्या घराला ऐकवू नये. सासरे जकात नाक्यावर, म्हणजे गावात येणाऱ्या मालावर कर घ्यायचे तिथे, कारकून होते. रात्रपाळीला कंदील घेऊन ट्रकमागे चढून पोती मोजायचे. जकातीत खाबूगिरी होती, ट्रकवाल्यांचे हाल होते, सगळं खरं. पण तो पैसा गावाचा होता आणि रोज संध्याकाळी गावात मोजला जायचा. 1999 ला नगरपरिषदांची जकात बंद झाली, त्याऐवजी राज्याचं अनुदान आलं. सासरे म्हणायचे, "आता आपण पगारावर आलो, पगार साहेबाच्या मर्जीवर." आता गावाच्या हातात स्वतःची म्हणावी अशी घरपट्टी आणि पाणीपट्टी उरलीय, आणि तीच माफ करायची भाषा.

त्यावर आणखी अभय योजना. थकबाकीदाराची शास्ती माफ. फेब्रुवारीत ज्याच्या दुकानापुढे थकबाकीसाठी हलगी वाजवली, त्यालाच सूट, आणि दरवर्षी वेळेत भरणाऱ्या बाईला काय? खिडकीवरच्या दादांना विचारलं, तर हसून म्हणाले, "ताई, तुम्हाला पावती." ज्याची खरंच ऐपत नाही, विधवा असेल, घरात दुखणं असेल, त्याची शास्ती माफ करा, यादी लावा. पण दोन मजली लॉजच्या मालकाला कसलं अभय?

कराच्या बदल्यात मिळतं काय, तेही लिहायला हवं. घंटागाडी सकाळी सात-दहाला येते, एक दिवस चुकत नाही. दिवाबत्ती ठीक. पाणी एकाआड एक दिवस, पाऊण तास, त्यातली पहिली पाच मिनिटं गढूळ. गिरणीपुढच्या गटारावरचं झाकण दिवाळीआधी काढलं ते अजून रस्त्यावर आडवं आहे. त्यावर लोक डबे ठेवतात.

नवे नगरसेवक जानेवारीत येऊन झाकण बघून गेले, मोबाइलवर फोटोही काढला.

राहिलं एक. पावतीवर अजून सासऱ्यांचंच नाव येतं. वारस नोंदीचा अर्ज दादांकडून आणलाय, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, तिघांच्या सह्या, सगळं जोडून ठेवलंय. एप्रिलमध्ये गर्दी ओसरली की देणार आहे, पण एप्रिलमध्ये माझा मसाल्याचा हंगाम. ते काम झालं की तारे वाढवायचे की कमी करायचे ते बघते.