ड्रंक अँड ड्राइव्हची केस: दंड भरून मोकळं व्हायचं, की तारखा घ्यायच्या?

धुळवडीच्या दुपारी येऊरहून परतताना माझा भाचा आणि त्याचा मित्र एकाच नाकाबंदीत सापडले. दोन वेगळ्या बाइक होत्या. दोघांनीही नळीत फुंकलं. भाच्याच्या चिठ्ठीवर ४१ आलं, मित्राच्या चिठ्ठीवर १६८. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची, त्यामुळे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दोघांवरही सारखंच लागलं. बाइक जमा, लायसन्स जमा, आणि पुढे ठाण्याच्या कोर्ट नाक्याची, म्हणजे तिथल्या कोर्टाची, तारीख.

आधी दोघांना झापायचं ते झापून झालं. मग रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, वकील म्हणतायत पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल कर, दहा हजार भर, अर्ध्या तासात मोकळा. करू का?"

मी ऐरोलीत एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. नव्या माणसांचे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे रिपोर्ट माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे 'मोकळा' हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते. मी वकील नाही. कोर्टातला सल्ला वकिलाचाच घ्यायचा. पण कोर्टातून बाहेर पडल्यावर त्या कागदाचं पुढे काय होतं, ते मी रोज बघते.

दहा हजारांची पावती म्हणजे काय

हेल्मेट नव्हतं, सिग्नल तोडला, मोबाइलवर ई-चलान आलं, पैसे भरले, विषय संपला. लोक ड्रंक अँड ड्राइव्हलाही याच माळेत ओवतात. पण कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर किंवा ॲपवर तडजोड करून मिटत नाही, त्याला कोर्टातच जावं लागतं. शिक्षा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत.

मॅजिस्ट्रेट विचारतात, "गुन्हा कबूल आहे?" तुम्ही मान डोलावून "हो साहेब" म्हणता. ते उत्तर शक्यतो तुमच्याच शब्दांत लिहून घेतलं जातं, दंड सुनावला जातो, आणि तुम्ही 'दोषी ठरलेले' होता. "दंडच तर भरला, शिक्षा कुठे झाली?" हे वाक्य मी मुलाखतीला आलेल्या पोरांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. कोर्टाने ठोठावलेला दंड हीच शिक्षा असते.

आणखी दोन गोष्टी या अर्ध्या तासात घडून जातात. एक, स्वतःहून कबुली दिल्यावर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही, एवढ्यापुरतंच अपील उरतं. दोन, उद्या पुन्हा सापडलात तर तो 'दुसरा' गुन्हा धरला जातो.

खासगी नोकरीत

पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे काही जादूची डायरी नसते. ई-कोर्ट्स या कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधतात, काही वेळा पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात, आणि तुम्ही फॉर्ममध्ये काय लिहिलंय त्याच्याशी ताडून बघतात. रिपोर्ट येतो तो हिरवा, पिवळा किंवा लाल.

ई-कोर्ट्सवर केस कशी निकाली निघाली तेही दिसतं. कबुली दिलेल्या केससमोर 'अनकंटेस्टेड', म्हणजे न लढवलेली, असा शेरा दिसतो, चालू केससमोर पुढची तारीख. शोध मात्र नावाने होतो, तिथे आधार नाही की जन्मतारीख नाही. घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या पाटील आणि म्हात्र्यांना विचारा याचा ताप. एकाच नावाचे चौघे, वडिलांचं नावही तेच, आणि भलत्याची केस आपल्या रिपोर्टला चिकटलेली. असं झालं तर निकालाची प्रत काढून आणण्यावाचून सुटका नसते.

कबुली आणि खटला यांत इथे खरा फरक पडतो तो फॉर्ममधल्या प्रश्नाने. "तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का?" असा प्रश्न असेल, तर खटला लढणारा सरळ 'नाही' लिहू शकतो, कबुली दिलेल्याला 'हो' लिहावं लागतं. "कधी अटक झाली किंवा गुन्हा दाखल झाला आहे का?" असं विचारलं असेल, तर दोघांनाही 'हो'. मी तर सांगते, फॉर्म भरताना प्रश्न दोनदा वाचा, क्रियापद बघा.

माझ्या टेबलावरचा अनुभव विचाराल तर पहिल्याच वेळची, अपघात नसलेली, आधीच सांगितलेली केस पिवळ्यात येते. मॅनेजर एकदा विचारतो, एखाद्या ईमेलवर स्पष्टीकरण मागतो आणि माणूस जॉइन होतो. ड्रायव्हिंगशी संबंधित काम असेल किंवा क्लायंट बँक असेल, तर गाडी अडते. पण लपवलेली केस लालच येते. दोन वर्षांपूर्वी एका हुशार मुलाची ऑफर मागे घ्यावी लागली. केस किरकोळ होती, फॉर्ममधला 'नाही' मोठा ठरला.

"सात वर्षांनी रेकॉर्ड पुसलं जातं ना, मॅडम?" हेही नेहमीचं. हे अमेरिकेतल्या पडताळणीच्या नियमांबद्दल कुठेतरी वाचलेलं असतं. आपल्याकडे सज्ञान माणसाची शिक्षा ठरावीक वर्षांनी आपोआप पुसायची सोय नाही. अल्पवयीनांची गोष्ट वेगळी.

पासपोर्टला गणित उलटं फिरतं

इथवर वाचून लढणंच बरं असं वाटेल. आता वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात चला.

१९६७ च्या पासपोर्ट कायद्यात नकाराची दोन कारणं आपल्या कामाची आहेत. पहिलं म्हणजे गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद झालेली असणं. पहिल्या ड्रंक अँड ड्राइव्हची कमाल कैदच सहा महिने, तेव्हा कबुली देऊन दंड भरलेला माणूस या जाळ्यात येतच नाही. दुसरं कारण म्हणजे फौजदारी कोर्टात केस प्रलंबित असणं. आणि नेमका इथे लढणारा अडकतो. जो स्वतःला निर्दोष म्हणतो त्याचाच पासपोर्ट अडतो, आणि कबुली देणारा पुढे निघून जातो. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्याची रचनाच तशी आहे.

वाट बंद नाही. १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ज्या कोर्टात केस चालू आहे त्याची परवानगी आणली, तर पासपोर्ट मिळतो. कोर्टाने मुदत दिली तर तेवढ्या मुदतीचा, आणि काहीच लिहिलं नाही तर एका वर्षाचा. म्हणजे वकील, अर्ज, तारीख, पुन्हा सेवा केंद्र. आखाती देशात नोकरी लागलेल्या आणि पोलीस क्लिअरन्स हवा असलेल्या माणसाला प्रलंबित केसचं हे लोढणं फार जड जातं.

कॅनडा आणि अमेरिका

ऐरोली-महापे पट्ट्यात निम्म्या लोकांच्या डोक्यात हे दोन देश असतात, म्हणून थोडं सविस्तर.

कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली. त्यामुळे तो गुन्हा तिथे 'गंभीर गुन्हेगारी'त मोडतो आणि परदेशातल्या एका शिक्षेवरूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली की 'पुनर्वसना'साठी, म्हणजे ही आडकाठी उठवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. पण तिथले अधिकारी आपल्या गुन्ह्याशी जुळणारा त्यांच्याकडचा गुन्हा शोधतात, आणि त्यांची रक्तातली मर्यादा ८० मिलिग्रॅमची आहे, आपली ३०. ४१ आणि १६८ यांत इथल्या कोर्टात फरक नसला, तरी तिथे तो फरक मांडायला जागा आहे. मांडायचा तर पुरावा हवा. ब्रेथ ॲनालायझरची चिठ्ठी बहुधा थर्मल कागदावर असते, बसच्या तिकिटासारखी वर्षभरात पांढरी पडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोटो काढा, आणि केस निकाली निघाली की कोर्टातून कागदपत्रांची प्रमाणित प्रत घ्या. कबुली देणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यांच्या हातात एरवी दंडाची पावती तेवढी उरते.

अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये अटक आणि शिक्षा दोन्ही विचारतात. म्हणजे अटक झाली असेल तर लढून सुटलेल्यालाही 'हो'च लिहायचं आहे. गेल्या पाच वर्षांत दारूशी संबंधित एक जरी अटक असेल, तरी त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. इथे लढण्याचा फायदा जवळपास शून्य, निर्दोष सुटल्याचा निकाल हातात असला तर बोलायला सोपं जातं एवढंच.

सरकारी नोकरी

इथे सांगण्यासारखं कमी आहे, कारण साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीच्या वेळी पडताळणीसाठी भरून द्यायचा फॉर्म, पळवाट ठेवत नाही. अटक, खटला, दंड, शिक्षा, सगळं वेगवेगळं विचारतात. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी, लपवालपवी केली तर नियुक्ती रद्द होऊ शकते. गुन्हा किरकोळ असेल तर सवलत देणं नियोक्त्याच्या हाती. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी कबुलीच्या आधी दहा वेळा विचार करावा, एवढं मात्र माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर आणखी एक मधली वाट वकिलाला विचारून बघा. १९५८ चा परिवीक्षा अधिनियम. पहिल्या गुन्ह्यात कोर्ट दंडाऐवजी ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, आणि त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही. दोषी ठरल्याची नोंद राहते, पण तिची धार बरीच बोथट होते. द्यायचं की नाही ते कोर्टाच्या मर्जीवर, आणि कुणाला इजा झाली असेल तर आशा ठेवू नका. घाईघाईत "हो साहेब" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही वाट असते हेच माहीत नसतं.

लायसन्सचं म्हणाल, तर ते किमान तीन महिने निलंबित करा असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगून ठेवलंय.

शेवटी दोघांनी काय केलं

मित्राचा आकडा १६८, पासपोर्ट चार महिन्यांत संपत होता, आणि दुबईची ऑफर आलेली. लढायला मुद्दाही नव्हता. यंत्राची तपासणी झालेली, चिठ्ठीवर सही त्याचीच. त्याला मी म्हटलं, "बाळा, तू कबूल कर, आणि यापुढे प्रत्येक फॉर्मवर ते लिही." त्याने तसंच केलं. पासपोर्ट आला. दुबईच्या कंपनीला त्याने स्वतःहून मेल केला, तेव्हा त्यांनी निकालाची प्रत मागितली, बाकी काही नाही.

भाच्याचा आकडा ४१. त्याच्या वकिलाने यंत्राच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते बरोबर मोजतं का हे तपासल्याचा, दाखला मागितला, तो पोलिसांनी अजून दिलेला नाही. पासपोर्टची मुदत २०३२ पर्यंत आहे, आणि कॅनडाचं खूळ डोक्यातून जात नाही. तो लढतोय. आतापर्यंत तीन तारखा झाल्या, एकदा साहेब रजेवर होते, एकदा साक्षीदार हवालदार बंदोबस्ताला. दर वेळी अर्धा दिवस रजा, वकिलाची फी वेगळी. ती दहा हजारांच्या पुढे कधीच गेली.

मागच्या आठवड्यात त्याने नवीन नोकरीचा फॉर्म मला व्हॉट्सॲपवर पाठवला. प्रलंबित केसच्या रकान्यात त्याने केस नंबर लिहिला होता, खाली पुढची तारीखही. मी फक्त एक चूक काढली, त्याने कलम १८४ लिहिलं होतं.