ईपीसी, हॅम की बीओटी : पुलाच्या डिझाइनचं काम कोणाचं घ्यावं?

पुलाखाली उभं राहिलं की माझी नजर आधी पीअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या काँक्रीटवर जाते. गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या तुळईच्या, टोकाखाली तिचा भार खांबावर देणारं बेअरिंग बसवलेलं असतं. त्याच्या शेजारी तुळई उचलणारा जॅक ठेवायला जागा सोडली आहे का, हे मी बघतो. ऐसपैस जागा असेल तर समजावं, की बेअरिंग बदलायची वेळ आपल्यावरच येणार आहे हे काम करून घेणाऱ्याला ठाऊक होतं. कॅप अगदी मापात कापलेली असेल, तर पूल बांधून झाल्यावर तो दुसऱ्याच्या गळ्यात जाणार होता. हा अंदाज दरवेळी खरा ठरतो असं नाही, पण बऱ्याचदा ठरतो.

आमच्याकडे काम शिकलेल्या दोघांनी नुकतंच स्वतःचं ऑफिस थाटलंय. त्यांच्यासमोर दोन कामं आली आहेत. एक ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि बांधकाम एकाच ठेकेदाराकडे) ठेकेदाराचं, दुसरं हॅमवाल्याचं (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल, थोडे पैसे सरकारचे, थोडे कंपनीचे). तिसरं एक बीओटीचं (बांधा, वापरा, हस्तांतर करा) येऊ घातलंय. माणसं दोन, प्लॉटर एक, त्यामुळे एकच घेता येईल. त्यांच्याशी तासभर जे बोललो ते इथे जरा नीट मांडतो.

काही बाबतीत तिन्हीकडे फरक नाही, त्या आधी बाजूला काढू. भार आयआरसी ६ चाच (आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचे कोड). काँक्रीटचं डिझाइन आयआरसी ११२ प्रमाणेच. डिझाइनसाठी धरायची सेव्हन्टी-आर ही जड गाडी तीच, पुलाचं अपेक्षित आयुष्य तेच १०० वर्षं. बेअरिंग बदलता यावं अशी सोय ठेवायची, हेही कोड सगळ्यांनाच सांगतो. तिन्ही ठिकाणी तुमची फी सरकारी खात्याकडून येत नाही, ठेकेदाराकडून किंवा सवलतधारक (पूल बांधून सांभाळायचा हक्क मिळालेल्या) कंपनीकडून येते. तिन्ही ठिकाणी ड्रॉइंग तपासणारा वेगळा असतो आणि त्याने मंजुरी दिली म्हणून चुकीची जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. मग फरक कुठे? कोड 'किमान इतकं' सांगतो. त्या किमानाच्या वर किती जायचं, हे पैसे देणारा ठरवतो आणि त्याचं ठरवणं करारावर अवलंबून असतं.

ईपीसीपासून सुरू करतो, कारण नव्या ऑफिसकडे पहिलं काम बहुतेक हेच येतं. इथे सरकार पूर्ण पैसे देतं, रक्कम ठोक असते. पुलाची लांबी-रुंदी शेड्यूल 'बी'मध्ये लिहिलेली, मानकं शेड्यूल 'डी'मध्ये. त्या चौकटीत राहून ठेकेदाराने काँक्रीट आणि सळई वाचवली तर ती बचत त्याची. म्हणून तुमचा संबंध टेंडर भरण्याआधीच सुरू होतो. शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो, 'सोमवारी सबमिशन आहे, जरा क्वांटिटी काढून द्या.' ते काम बहुधा फुकट असतं. काम मिळाल्यावर मात्र तुमचा तो दोन दिवसांत काढलेला आकडा भिंतीवर चिकटवला जातो आणि वर्षभर त्याच आकड्याने तुम्हाला झोडपलं जातं.

असं एकदा माझ्यावर आलंय. नदीवरचा मध्यम पूल, डीपीआरमधल्या (सरकारच्या सविस्तर प्रकल्प अहवालातल्या) बोअरनुसार, म्हणजे जमिनीत भोक पाडून केलेल्या तपासणीनुसार, खडक नऊ मीटरवर. त्यावरून आम्ही ओपन फाउंडेशनचा, म्हणजे खोदून थेट खडकावर टेकवलेल्या पायाचा, अंदाज दिला. प्रत्यक्ष पीअरच्या जागी बोअर घेतलं तर दोन ठिकाणी चौदा मीटरपर्यंत मुरूम आणि विटलेला खडक. पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घालावे लागले. रक्कम ठोक, त्यामुळे जादा खर्च ठेकेदाराच्या माथी आणि त्याचा राग आमच्या माथी. शेवटचा फीचा हप्ता अजून यायचाय. आता येईल असं वाटतही नाही.

ईपीसीतली दुसरी अडचण बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. पाया झाला की एक वाटा, पीअर झाले की दुसरा, वरचा डेक (गाड्या जातात तो भाग) झाला की तिसरा. ठेकेदाराला पहिलं बिल लवकर लावायचं असतं, म्हणून त्याला पाईलचं ड्रॉइंग आधी हवं असतं. डिझाइन मात्र वरून खाली येतं. डेक ठरला की गर्डर, गर्डर ठरले की बेअरिंगवरचा भार, मग पीअर, मग पाया. वरचं काहीच पक्कं नसताना खालचं ड्रॉइंग द्यायचं म्हणजे अंदाजाने थोडं जास्त धरायचं. ते जास्त धरलेलं काँक्रीट पुन्हा त्या भिंतीवरच्या आकड्याला टोचतं. हॅममध्येही ही घाई असते, पण ईपीसीत ती रोजची.

आणि क्षितिज आखूड. दोषदायित्वाचा, म्हणजे निघालेले दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचा, काळ संपला की ठेकेदार मोकळा. करारागणिक तो कमी-जास्त असतो, पण १०० वर्षांच्या पुलापुढे किरकोळच. डेकच्या दोन तुकड्यांमधल्या फटीतल्या स्ट्रिप सील जॉइंटचं रबर फाटायला लागतं तोवर ठेकेदार तिसऱ्या जिल्ह्यात पोचलेला असतो. त्यामुळे जॉइंट कमी करायला सलग डेक घेऊ या, असं म्हटलं तर उत्तर येतं, 'वेळ किती वाचेल?' वेळ वाचत नसेल तर विषय संपला.

तरी ईपीसीला नावं ठेवून भागत नाही. अटल सेतू घ्या. २१.८ किलोमीटरचा हा पूल आधी खासगी भागीदारीतून करायचं चाललं होतं. २००८ मध्ये दोन बोली आल्या. एकाने टोल वसूल करायला दहा वर्षांहून किंचित कमी मुदत मागितली, दुसऱ्याने ७५ वर्षं. खाडी तीच, पूल तोच, गाड्याही त्याच येणार होत्या! ते टेंडर रद्द झालं. २०१३ मध्ये पुन्हा खासगी भागीदारीसाठी बोली मागवल्या, तेव्हा एकही आली नाही. शेवटी जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज घेऊन, डिझाइन-आणि-बांधा धर्तीच्या पॅकेजांत काम झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये पूल खुला झाला. त्यात १८० मीटरपर्यंतचे पोलादी ऑर्थोट्रॉपिक डेकचे (पट्ट्या जोडून ताठ केलेल्या पोलादी पत्र्याच्या डेकचे) गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, आहेत. इतका मोठा प्रयोग टोलच्या भरवशावर कर्ज देणाऱ्या बँकांनी करू दिला असता का, याची मला शंका आहे. मालकाने मानकं कडक लिहिली आणि तपासणारा खमक्या असला, तर ईपीसीतही उत्तम पूल होतो. मालकाने डीपीआर उरकून टाकला असेल तर मात्र तुमचं काही खरं नाही.

आता हॅम. २०१६ च्या सुरुवातीला राष्ट्रीय महामार्गांसाठी हे मॉडेल आलं. प्रकल्प खर्चाचा ४० टक्के भाग सरकार बांधकामादरम्यान देतं, उरलेला ६० टक्के कंपनी उभा करते. तो तिला काम पूर्ण झाल्यावर १५ वर्षांत, सहामाही हप्त्यांनी, व्याजासह परत मिळतो. देखभालीचे पैसे वेगळे. टोल सरकारचा, त्यामुळे गाड्या कमी आल्या तरी कंपनीला झोप लागते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागानेही हॅमची स्वतःची आवृत्ती राबवली. तिची गणितं केंद्राच्या हॅमसारखी नाहीत, म्हणून समोर आलेल्या कराराची प्रत मागून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

कागदावर पाहिलं तर डिझायनरला हॅम मानवायला हवं. १५ वर्षं पूल सांभाळायचाय म्हटल्यावर कंपनी टिकाऊपणाचा विचार करणारच, असं वाटतं. माझा अनुभव तितका गोड नाही. प्रकल्पासाठी जी कंपनी काढतात ती बांधकामाचं काम आपल्याच मूळ कंपनीला देते. तुमच्यासमोर बसणारा माणूस त्या मूळ कंपनीचा असतो आणि त्याची नजर ईपीसीवाल्यासारखीच बांधकामाच्या नफ्यावर असते. देखभाल बघणारा विभाग डिझाइनच्या वेळी जन्मालाच आलेला नसतो. त्यातून मुदतीआधी काम संपवलं तर बोनस. म्हणजे घाई ईपीसीपेक्षा कमी नाहीच.

एक गोष्ट मात्र गेल्या काही वर्षांत बदलताना दिसते. पूर्ण झालेले हॅम प्रकल्प कंपन्या इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट ट्रस्टना (गुंतवणूकदारांच्या पैशांतून असे प्रकल्प विकत घेणाऱ्या ट्रस्टना) विकतात. विकत घेणारा आपला तांत्रिक माणूस पाठवतो आणि तो माणूस डेकवर गाडीने फिरून परत जात नाही. पीअर कॅपवर चढतो, बेअरिंगचे फोटो काढतो, जॉइंटमधून पाणी झिरपतंय का बघतो, बेअरिंग बदलायची पद्धत ड्रॉइंगवर लिहिली आहे का विचारतो. त्याच्या अहवालाने भाव पडतो. हे एकदा सोसलेला प्रवर्तक पुढच्या प्रकल्पात जॅकच्या जागेवरून तुमच्याशी वाद घालत नाही. इंटिग्रल पूल, म्हणजे बेअरिंग न ठेवता डेक पीअरमध्ये जोडून टाकणं, हा प्रस्ताव एका हॅमवाल्याने आम्हाला स्वतःहून विचारला. ईपीसीत तो मला आजवर कोणी विचारलेला नाही.

बीओटीत सगळा धोका कंपनीचा. पैसे उभे करा, बांधा, टोल घ्या, २०-३० वर्षांनी परत द्या. इथे डिझायनरचं ऐकून घेतलं जातं, कारण पूल बंद राहिला तर त्या दिवसाचा गल्ला बुडतो. कोलकात्याजवळचा निवेदिता सेतू २००७ मध्ये याच पद्धतीने झाला. ८८० मीटरचा पूल, मधले सात गाळे प्रत्येकी ११० मीटरचे, टोकाचे दोन ५५ चे. शेजारी दक्षिणेश्वरचं मंदिर. मंदिराच्या वर काही दिसता कामा नये म्हणून मनोरे ठेंगणे ठेवायचे होते. मनोरे ठेंगणे म्हटल्यावर उंच मनोऱ्याच्या केबलांनी डेक तोलणारा नेहमीचा केबल-स्टेड पूल बाद. मग एक्स्ट्राडोज्ड निवडला. त्यात केबल डेकला वरून नुसतं टांगत नाहीत, मुख्यतः आडव्या दिशेने दाबून ठेवतात, त्यामुळे बुटका मनोरा चालतो. बंधन बाहेरून आलं आणि त्यातून आकार सुचला. पुलाचा प्रकार निवडण्याची अशी मोकळीक तयार लांबी-रुंदीच्या ईपीसीत क्वचित मिळते.

पण बीओटी म्हणजे दीर्घदृष्टी, असं सरसकट समजू नका. कॅनडातला कॉन्फेडरेशन ब्रिज १०० वर्षांसाठी डिझाइन केलेला, तो चालवून टोल घ्यायचा हक्क मात्र ३५ वर्षांचा. उरलेल्या ६५ वर्षांचा विचार कंपनीने का करावा, याचं उत्तर करारातल्या हस्तांतराच्या अटींत असावं लागतं. आपल्याकडच्या करारांत त्या असतात, तुम्ही त्या वाचल्या पाहिजेत. इटलीतल्या जिनोआचा पूल १४ ऑगस्ट २०१८ ला कोसळून ४३ माणसं गेली, तेव्हा तोही टोल घेणाऱ्या खासगी कंपनीच्याच ताब्यात होता.

दिल्ली-नोएडाचा डीएनडी उड्डाणमार्ग तर वेगळाच धडा. २००१ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या करारात खर्चावर वार्षिक २० टक्के परतावा ठरलेला होता आणि वसूल न झालेली रक्कम पुढच्या हिशेबात मिळवली जायची. आकडा फुगतच गेला. २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल थांबवला, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. डिझायनरच्या बाजूने बघा. खर्चावर ठरावीक परतावा मिळणार असेल, तर काटकसरीचं डिझाइन मागेल कोण? असं काम मिळालं तर फी वेळेवर येईल, पण शिकायला फार मिळणार नाही.

पुण्यात विद्यापीठ चौकातून जाताना मला नेहमी तिथले जुने उड्डाणपूल आठवतात. २०२० च्या जुलैमध्ये पाडले, तेव्हा त्यांना २० वर्षंही झाली नव्हती. आता तिथे हिंजवडी मेट्रोच्या खासगी भागीदारीतल्या कामातून दुमजली पूल उभा आहे. खाली रस्ता, वर मेट्रो. एकाच पीअरवर दोन प्रकारचे भार, दोन कोड, वरचं चालवणारा एक आणि खालचं सांभाळणारा दुसरा. असं काम घ्यायचं तर फीमध्ये बैठकांचे तास वेगळे धरा. गणितं कमी आणि बैठकाच जास्त होतात.

तर त्या दोघांना मी हॅमचं काम घ्या म्हणालो, पण एका अटीवर. पहिल्या बैठकीला देखभालीचा माणूस समोर बसवा. तो नेमलेला नसेल तर कंपनीच्या एखाद्या जुन्या प्रकल्पावरचा बोलवा. तो येत नसेल तर ते काम ईपीसीच आहे असं समजून किंमत सांगा. ईपीसीचं घ्यायचं झालं तर प्रत्येक पीअरच्या जागचा बोअर हातात आल्याशिवाय पायाचा आकडा लेखी देऊ नका आणि टेंडरच्या वेळच्या क्वांटिटीची फी, थोडी का होईना, आधी घ्या. बीओटीचं तिसरं काम आलं तर आत्ता नाही म्हणा. त्याची कर्जजुळणी होईपर्यंत सहा-आठ महिने ड्रॉइंगं बदलत राहतील आणि दोन माणसांचं ऑफिस तेवढं उधारीवर चालत नाही.

फी तीन हप्त्यांत मागा. जीएडीला (पुलाच्या सर्वसाधारण रचनेच्या ड्रॉइंगला) एक, पायाच्या ड्रॉइंगला एक, उरलेली वरच्या डेकच्या मंजुरीला. आणि पीअर कॅपच्या ड्रॉइंगवर जॅकची जागा पहिल्याच दिवशी ठिपक्यांच्या रेषेने दाखवून टाका. एकदा छापलेली रेष खोडायला सांगताना समोरच्याला कारण द्यावं लागतं.