दहावी हुकली, हाताला काम हवंय: आयटीआय, उस्तादाचा हात की लगेच पगार?

दहावीचा निकाल लागला की पहिल्या आठवड्यात गणित-विज्ञानात अडकलेल्या मुलांच्या घरी एकच विषय असतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आता 'नापास' असं लिहीत नाहीत, कौशल्य विकासासाठी पात्र असल्याचा शेरा देतात. मुलाचं मन राखायला तो शेरा बरा. पण कुठलं कौशल्य, ते कोण शिकवणार आणि तोवर घर कसं चालणार, हे ठरवायचं काम घरच्यांवरच येऊन पडतं.

हे लिहितोय ते पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. शिक्षण आठवी-नववी किंवा दहावी राहिलेली, कामाचा अनुभव काहीच नाही, ओळखीपाळखीही नाहीत. अशांसमोर महाराष्ट्रात खरे मार्ग तीन-चारच आहेत. आयटीआयला जायचं, कारखान्यात अप्रेंटिस लागायचं, एखाद्या मिस्त्रीच्या किंवा गॅरेजवाल्याच्या हाताखाली राहायचं, नाहीतर जो पगार देईल त्याच्याकडे उभं राहायचं. दहावी पुन्हा देणं हा मी वेगळा मार्ग धरत नाही. तो यातल्या प्रत्येकासोबत चालू ठेवायचा आहे आणि त्याबद्दल मी आग्रही का आहे, ते पुढे येईलच.

माझं मत आधीच सांगतो. सोळाव्या वर्षी पगार किती मिळतो याला फार किंमत देऊ नका. एकोणिसाव्या वर्षी हातात असं काय असेल, ज्याचे लोक पैसे मोजतील, आणि ते येतं हे अनोळखी माणसाला दाखवायला काय असेल, यावर निवड करा.

आधी जे करताच येत नाही ते बाजूला काढू

बरीच मुलं पहिल्यांदा डिलिव्हरीचं बोलतात, कारण मित्र कमावताना दिसतो. सोळाव्या वर्षी फक्त बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळतं. गिअरची बाइक किंवा नेहमीची स्कूटर चालवायला अठरा पूर्ण लागतात. दादाच्या आयडीवर किंवा काकाच्या गाडीवर काम करणं फारच महागात पडू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना काही घडलं, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ड्रायव्हिंगवर पोट भरायचं ठरवलेल्या मुलाची उमेदीची वर्षं त्यातच जातील.

दुसरी गोष्ट बालकामगार कायद्याची. 2016च्या दुरुस्तीनुसार चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा वयाच्यांना खाणी, स्फोटकं-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत लावता येत नाही. म्हणून एमआयडीसीतल्या बहुतेक कंपन्या अठराच्या आतल्याला गेटवरूनच परत पाठवतात. ठेकेदार म्हणाला, "आधारवर वय वाढवून आण, लावतो मी," तर त्या माणसापासून लांब राहा. अपघात झाला तर तोच पहिला हात झटकेल.

एकच काम, दोन जागा: वेल्डिंगचं उदाहरण

आयटीआय आणि उस्ताद यांतला फरक एकाच धंद्यात बघितला की नीट कळतो. वेल्डिंग घेऊ.

फॅब्रिकेशनच्या दुकानात लागलेला मुलगा पहिले काही महिने पाइप धरतो, ग्राइंडर मारतो, चहा आणतो, साइटवर सामान चढवतो. मग हळूहळू टाके मारायला मिळतात, पुढे जोड. वर्ष-दीड वर्षात ग्रिल, गेट, शेडचे ट्रस तो बऱ्यापैकी उभे करतो. त्याला माप घेता येतं, किती लोखंड लागेल याचा अंदाज येतो, गिऱ्हाइकाशी बोलता येतं आणि घाईच्या दिवशी काम कसं उरकायचं हेही कळतं. हे आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये शिकवून येत नाही. पण त्याचा हात बसतो तो आर्क वेल्डिंगवर, कारण दुकानात मशीन तेवढंच असतं.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड (तिथे कोर्सला ट्रेड म्हणतात) एक वर्षाचा आहे. त्यात आर्क आणि गॅस यांच्याबरोबर मिग (ज्याला सगळे सीओटू म्हणतात) आणि टिगही शिकवतात. ड्रॉइंग वाचायला शिकवतात. चाकण किंवा वाळूजच्या ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पत्र्याचे जोड सीओटूवर होतात, स्टेनलेसचं बारीक काम टिगवर. त्यामुळे दुकानातला कितीही तयार मुलगा तिथे गेला, तर त्याला हेल्पर म्हणून घेतात आणि आयटीआयवाल्याला वेल्डर म्हणून. हात कोणाचा जास्त चांगला, हा प्रश्नही तिथे कोणी विचारत नाही.

आणखी एक फरक डोळ्यांचा आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त खुपतो. आयटीआयमध्ये हेल्मेटशिवाय टॉर्च हातात देत नाहीत. छोट्या दुकानांत काळी काच हातात धरून, कधी तर नुसती मान वळवून टाके मारणारी पोरं सर्रास दिसतात. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, मग कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगतं. मुलाला दुकानात ठेवणार असाल तर पहिल्या दिवशी स्वतःच्या पैशाने हेल्मेट घेऊन द्या आणि तो ते वापरतोय का, हे मध्येच जाऊन बघा.

वायरमनच्या कामात कागदाचं वजन याहून जास्त. नव्या घराचं वीज कनेक्शन घ्यायचं तर लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षं वायर ओढलेला माणूस अख्खा बंगला वायर करतो आणि सहीसाठी मात्र दुसऱ्याला पैसे देतो. वायरमनचा आयटीआय कोर्स दोन वर्षांचा आहे, पण पुढे तारतंत्री, म्हणजे वायरमनच्या सरकारी परवान्याची वाट त्याच्यामुळे सोपी होते. विजेच्या कामात जायचं असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, कोर्स करा.

गाडी दुरुस्ती, सलून, शिलाई, केटरिंग, मोबाइल रिपेअरिंग यांत चित्र उलटं होतं. तिथे गिऱ्हाईक सर्टिफिकेट बघत नाही, काम बघतं. चांगल्या मेकॅनिककडे दोन-तीन वर्षं काढली तर मुलगा खरोखर उभा राहतो. मात्र 'चांगला' म्हणजे शिकवणारा. काही गॅरेजमध्ये पोरगा वर्षभर रॉकेलमध्ये पार्ट धुतो, दहा-अकराचा पाना आणून देतो, इंजिन उघडायची वेळ आली की त्याला पंक्चर काढायला पाठवतात. लावण्याआधी त्याच गॅरेजमधल्या आधीच्या पोराला गाठा आणि विचारा, तुला स्वतःच्या हाताने क्लच प्लेट बदलायला कधी मिळाली? त्या उत्तरावरून मालक कसा आहे ते कळतं.

आयटीआयचा प्रवेश आणि त्यातल्या अडचणी

दहावी नापास मुलांसाठी आयटीआय बंद असतं, हा गैरसमज अजून खूप घरांत आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर अशा ट्रेडना दहावी पास लागते. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडना दहावी नापास मुलंही घेतात. वय चौदा पूर्ण हवं. प्रवेश निकालानंतर ऑनलाइन होतो, गुणांवर यादी लागते आणि फेऱ्या असतात. सरकारी संस्थेत फी कमी आणि खासगीत बरीच जास्त, म्हणून पर्याय भरताना सरकारी संस्था वर ठेवा.

अडचणीही खऱ्या आहेत. वर्ष-दोन वर्षं कमाई नाही, हजेरी कडक, आणि तालुक्याच्या गावापर्यंत रोज एसटीचा प्रवास. सगळ्या संस्था सारख्या नसतात. कुठे शिकवणारे सर जीव ओतून शिकवतात, कुठे मशीन बंद आणि जागा रिकामी. पर्याय भरण्याआधी एकदा जाऊन वर्कशॉप डोळ्यांनी बघा. मशीनवर धूळ आहे की तेल, हे बघायला कुणाची ओळख लागत नाही.

एवढा वेळ नसेल तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आणि राज्याचं प्रमोद महाजन कौशल्य अभियान यांतले काही महिन्यांचे मोफत कोर्स आहेत, पंधरा वर्षांपुढच्यांसाठी. सुरुवात म्हणून ठीक. पण तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटला आयटीआयचं वजन येत नाही, हे धरून चाला.

अप्रेंटिस: माहीत कमी, म्हणून गर्दी कमी

शिकाऊ उमेदवार कायदा 1961चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. वयाची अट चौदा, धोकादायक उद्योगात अठरा. लोकांना वाटतं यासाठी आयटीआय झालेलंच हवं, पण काही ट्रेडमध्ये थेट शाळेतून आलेल्यांनाही घेता येतं. 2019च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना किमान 5,000, दहावी पासला 6,000 आणि आयटीआयवाल्याला 7,000 रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यात वाढ होते.

प्रत्यक्षात अठराच्या आतल्या, दहावी नसलेल्या मुलाला जागा मिळणं अवघड, कंपन्या आयटीआयवालेच मागतात. तरी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून ठेवायला काही पडत नाही. मिळाली तर ती सोडू नका, कारण शिकणं, पैसे आणि कागद तिन्ही एकत्र देणारी दुसरी जागा या वयात नाही.

लगेच पगार

कापड दुकान, किराणा, हॉटेल, मंडप, भाजीचा गाळा. इथे महिन्याच्या महिन्याला पैसे येतात आणि पहिल्या पगाराने घरात जो आनंद होतो, त्याला मी कमी लेखणार नाही. वडील आजारी असतील, कर्ज असेल, तर हाच रस्ता घ्यावा लागतो आणि तो घेणाऱ्या मुलाचा मला आदर आहे. पण दोन वर्षांनंतर त्याच काउंटरवर तोच पगार असतो आणि मालकाला तेव्हा नवा, स्वस्त पोरगा सापडलेला असतो. घ्यायचंच तर जिथे काहीतरी शिकायला मिळतं तिथे घ्या. हॉटेलमध्ये टेबलापेक्षा भटारखाना बरा. हार्डवेअरच्या दुकानात बसलेला मुलगा प्लंबिंगचं सगळं सामान ओळखायला लागतो आणि प्लंबरांशी ओळखी होतात, मोबाइलच्या कव्हरच्या गाळ्यावर तसं काही होत नाही.

मुलींसाठी वेगळं बोलायला हवं

मुलगी दहावी राहिली की घरचे शिवणकाम किंवा पार्लर सुचवतात, आणि बऱ्याचदा त्यामागे लग्नापर्यंत वेळ काढायचा हिशेब असतो. शिवणकाम वाईट नाही. आयटीआयचा एक वर्षाचा शिवणकामाचा ट्रेड आणि गल्लीतल्या क्लासमधलं ब्लाउज शिकणं यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात औद्योगिक मशीन आणि कटिंग येतं, त्यावर गारमेंट युनिटमध्ये काम मिळतं. पण मुलीला वायरमन किंवा वेल्डर व्हायचं असेल तर तिला अडवू नका. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. तिचे गुण कमी असले तरी या जागांवर नंबर लागू शकतो.

पेशंट सांभाळण्याच्या कामाला शहरांत खूप मागणी आहे आणि एजन्सी सोळा-सतराच्या मुलींना खेड्यांतून घेऊन जातात. चोवीस तास परक्या घरात राहायचं, तेही त्या वयात. याला माझा ठाम विरोध आहे. अठरा पूर्ण होऊ द्या.

दहावी सोडायची नाही

एसटीचा ड्रायव्हर, रेल्वेतली खालची पदं, अग्निवीर जनरल ड्यूटी, सगळीकडे दहावी. पोलीस भरतीला बारावी. आयटीआयचे चांगले ट्रेड दहावीनंतर. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही विद्यावेतन बारावीपासून सुरू होतं. म्हणजे अडलेला एक विषय पुढे पंधरा-वीस दरवाजांवर अडवतो.

एक-दोन विषय राहिले असतील तर निकालानंतर लगेच होणाऱ्या पुरवणी परीक्षेला बसा, आणि एटीकेटी मिळत असेल तर अकरावीचा प्रवेशही घेता येतो. शाळा कधीच सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी परीक्षा द्या. गणिताची धास्तीच असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, बघा. तिथे एका भाषेसह पाच विषय असतात, विषय निवडायला मोकळीक आहे, पास झालेला विषय जमा राहतो आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला वर्षाला दोन विषय काढणं झेपतं. मुंबईत रात्रशाळा आहेत, दिवसा काम करून तिथे दहावी केलेली माणसं तुम्हाला जवळपासच सापडतील.

मी असतो तर कुठे काय निवडलं असतं

घर वर्ष-दोन वर्षं ओढता येत असेल आणि वीज, वेल्डिंग, प्लंबिंग यांत रस असेल, तर सरकारी आयटीआय, आणि सुट्टीत त्याच धंद्यातल्या मिस्त्रीकडे. गाडी, शिलाई, स्वयंपाक, केस कापणं यांची ओढ असेल तर शिकवणारा उस्ताद, आणि संध्याकाळी एनआयओएसची पुस्तकं. घरचाच सुतारकाम-लोहारकामाचा धंदा असेल तर तो कमी समजू नका. अठरा पूर्ण झाल्यावर कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नोंद होते. शिक्षणाची अट नाही, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत मिळतं.

पैसे आजच हवे असतील तर दुकानात लागा, पण मालकाशी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी घरच्यांसमोर बोलून घ्या. आठवड्याची सुट्टी कोणती, परीक्षेच्या दिवसांत रजा मिळणार का, आणि पगार हातात देणार की खात्यात. उचल घेऊ नका. दहा-वीस हजारांची उचल फेडण्यात मुलगा दोन वर्षं त्याच दुकानात अडकतो आणि मधे आयटीआयचा प्रवेश लागला तरी सोडून जाता येत नाही. खात्यात पगार घेतला तर कामाची नोंदही राहते, आणि त्यातले महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले की पुढच्या जूनमध्ये आयटीआयची फी आणि एसटीच्या पासाचे पैसे निघतात.