ज्येष्ठ नागरिक संघातला व्यायाम-आहार वर्ग : काही महिन्यांच्या वापरानंतर

संघाच्या वर्गाला नाव घालावं का? जरूर घालावं, पण तिथे पायांच्या ताकदीला आणि तोलाला किती वेळ देतात ते आधी बघावं. बरेच वर्ग चालणं, प्राणायाम आणि हास्य यांवरच संपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आहेच. शिवाय पासष्टीपुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस सांगितलेत. नुसत्या चालण्याने पडणं टळत नाही.

वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे खुर्चीतून उठ-बस. हात छातीवर आडवे घेऊन 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजतात. 65 ते 69 वयात पुरुषांचा आकडा 12 च्या आणि बायकांचा 11 च्या खाली असेल, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. आकडा दर महिन्याला वहीत लिहावा. खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवावी, कारण प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. उठताना श्वास सोडावा. रोखला की बीपी चढतं.

वर्ग कमी पडतो तो इथे : महिनोन्‌महिने तेच दहा उठ-बस. स्नायूंना ते सवयीचं झालं की ताकद वाढायची थांबते. दहा सहज जमले की दुसरा सेट, मग चार अंक मोजत सावकाश बसणं, मग एक लिटरची भरलेली बाटली छातीशी धरून उठणं. ही चढण शिक्षकाने प्रत्येकाची वेगळी ठेवायला हवी.

आहाराचा भाग जास्त कच्चा आहे. तेल-साखर कमी करा, एवढंच ऐकवतात. प्रथिनांचं नावच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. चहा-खारी, पोहे, वरण-भात यांत ती भरत नाहीत. 30 ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 7 ग्रॅम, एका अंड्यात 6. म्हणून सकाळी मुगाचं धिरडं किंवा अंडं, दुपारी मटकीची उसळ, रात्री दूध. दात नसतील तर उसळ मऊ शिजवून ठेचावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. आणि आहाराच्या सत्राला घरात स्वयंपाक करणाऱ्यालाही बोलवावं. ताटात काय पडणार हे ठरतं स्वयंपाकघरात, आणि आजोबांना एकट्याला सांगून तिथे काही बदलत नाही!

ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी वर्गाला जाऊ नये, रक्तातली साखर फार उतरते. खिशात ग्लुकोज ठेवावं. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा.

सकाळी सातची वेळ घरात डबे करणाऱ्या बायकांना जमत नाही, संध्याकाळची तुकडी हवीच. बागेतला वर्ग पावसाळ्यात बंद पडतो आणि नंतर निम्मी माणसं परतत नाहीत; नाव घालतानाच छताखालची जागा कुठली ते विचारून घ्यावं.